विकल्प आणि आधार

'विकल्प' हा शब्द आपल्या शास्त्रपरंपरेत फारसा लाडका नाही. यज्ञात तांदूळ वापरावा किंवा जव वापरावेत, अशी दोन विधाने समोर आली की मीमांसक अस्वस्थ होतात. विकल्प मानण्यात आठ दोष आहेत असे ते सांगतात आणि दुसरा मार्ग उरला नाही तरच तो स्वीकारतात. शक्यतो 'व्यवस्था' लावावी, म्हणजे या परिस्थितीत हे आणि त्या परिस्थितीत ते, असा त्यांचा कल असतो. पाणिनी विकल्पासाठी 'वा', 'विभाषा' आणि 'अन्यतरस्याम्' असे तीन शब्द योजतो. परंपरेने ते समानार्थी मानले. पॉल किपार्स्की यांनी १९७९ मध्ये मात्र असे प्रतिपादन केले की 'वा' म्हणजे शक्यतो करावे, 'विभाषा' म्हणजे शक्यतो करू नये आणि 'अन्यतरस्याम्' म्हणजे दोन्ही सारखेच. हे मत सर्वमान्य झालेले नाही. पण पर्यायालाही कल असतो, ही कल्पना मला मोहवून गेली.

या कल्पनेची पुन्हा गाठ पडली ती अगदी अनपेक्षित ठिकाणी. संगणकक्षेत्रात काम करणारा माझा पुतण्या सुट्टीत आंजर्ल्याला आला होता आणि लिनक्सचा गाभा आपल्या यंत्रापुरता बांधून घेत होता. या गाभ्यात दहा हजारांहून अधिक पर्याय आहेत. प्रत्येक पर्याय घ्यावा, घेऊ नये, किंवा लागेल तेव्हा जोडता येईल असा सुटा ठेवावा, हे बांधणाऱ्याने ठरवायचे. पर्यायांचे परस्परसंबंध लिहून ठेवण्यासाठी 'केकॉन्फिग' नावाची छोटीशी भाषा आहे. रोमन झिपेल यांनी लिहिलेली ही भाषा २००२ मध्ये गाभ्यात आली.

तिच्यातले दोन शब्द महत्त्वाचे. 'डिपेंड्स ऑन' म्हणजे मला अमक्याचा आधार हवा. तो नसेल तर मी यादीत दिसणारसुद्धा नाही. 'सिलेक्ट' म्हणजे मी आलो की अमक्याला आणलेच पाहिजे. पहिल्यात विनय आहे, दुसऱ्यात हुकूम. गोम अशी की 'सिलेक्ट' ज्याला ओढून आणतो, त्याच्या स्वतःच्या गरजा भागल्या आहेत की नाहीत, हे तो पाहत नाही. मग यंत्र इशारा देते आणि पुष्कळदा बांधणी मध्येच मोडते. म्हणून ज्यांना स्वतःच्या अटी नाहीत अशांसाठीच 'सिलेक्ट' वापरावा, असे जाणकार बजावतात. २०१७ च्या सुमारास 'इम्प्लाय' हा तिसरा शब्द आला: आणलेला बरा, पण नको असेल किंवा त्याच्या अटी पुऱ्या होत नसतील तर राहू दे. मला किपार्स्कींचा 'वा' आठवला.

"काका, यात एक मजा आहे," पुतण्या म्हणाला. "आधार सुटा असेल, तर त्यावर उभा असलेला पर्यायही सुटाच राहतो. आधारापेक्षा पक्का होऊच शकत नाही."

हे ऐकून मी वाडीकडे पाहिले. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, त्यांत आंजर्लेही होते. पोफळ पडली की तिच्यावर चढलेली मिरवेलही पडते. वेल कितीही जोमदार असो. माड गेले की त्यांच्या सावलीत वाढलेले जायफळ उभे असूनही करपू लागते. जायफळाची आणखी एक अट डोळ्यांना दिसत नाही: झाडे नर आणि मादी वेगवेगळी असतात, आणि जवळपास नर नसेल तर मादीला फळ धरत नाही. नारळाच्या बागेत मसाल्याची पिके घेण्याच्या पद्धतीला कोकणात 'लाखी बाग' असे भरघोस नाव आहे. पण नुसती पिकांची यादी हातात घेऊन, उघड्या रानात एकदम सगळी कलमे लावणे म्हणजे शुद्ध 'सिलेक्ट'. आधी केळ, तिच्या सावलीत पोफळ, पोफळ काही वर्षांची झाली की मिरी, हा क्रम वाडीचे केकॉन्फिगच आहे. ते कुणी लिहून ठेवलेले नाही, एवढेच.

हा विचार वाडीपुरता राहिला नाही. मी मराठी शिकवतो. २०२४-२५ पासून आपल्याकडच्या संलग्न महाविद्यालयांतही नवे शैक्षणिक धोरण लागू झाले आणि मुख्य, गौण, खुले ऐच्छिक अशा पर्यायांनी विद्यार्थ्यांचे अर्ज भरून गेले. कागदावर विकल्पांची चंगळ आहे. पण लहान गावातल्या एखाद्या महाविद्यालयात मराठीचे पद रिक्त असते. पद नाही म्हणून पहिल्या वर्षी विषय नाही. पहिल्या वर्षी नाही म्हणून पुढे मुख्य विषय म्हणून मराठी घेणारा कुणी नाही. आणि विद्यार्थी नाहीत म्हणून पदाची गरज नाही. त्या मुलांनी मराठी नाकारलेली नसते. ती त्यांना यादीत दिसलेलीच नसते. नकार आणि अदर्शन यांतला हा फरक आमच्या आकडेवारीत कुठेही नोंदला जात नाही.

केकॉन्फिगमध्ये अ ला ब चा आधार आणि ब ला अ चा आधार असे वर्तुळ झाले, तर यंत्र तिथेच ती तक्रार मांडते आणि कोण कोणावर अवलंबून आहे त्याची साखळी ओळीने छापून दाखवते. एखादा पर्याय का दिसत नाही, हेही शोधून विचारता येते. आमच्या व्यवस्थेला निदान एवढा प्रामाणिकपणा शिकता आला असता. तिच्यात वर्तुळ सापडले की त्याला 'मागणीचा अभाव' म्हणतात.

वाडीत असे वर्तुळ केळ तोडते. पोफळीला सावली हवी आणि सावली देणारी झाडे तर अजून वाढायची आहेत, तेव्हा वर्षभरात उंच होणारी केळ मधे उभी राहते. पोफळीने मूळ धरले की केळ काढून टाकतात. महाविद्यालयांत हे काम तासिका तत्त्वावरचे तरुण प्राध्यापक करतात. तासांवर मोजलेल्या मानधनात ते विषय यादीत दिसता ठेवतात. त्यांच्या सावलीत पोफळ लावायचे मात्र राहूनच जाते. वर्षे उलटतात आणि केळीमागून केळ तेवढी बदलत राहते.