हिंगोलीच्या रस्त्यावरील नऊ धावा

हिंगोली हे हळदीच्या व्यापाराचे गाव. फाल्गुनात शिवारांतून हळद शिजल्याचा वास दरवळतो. येथील दोन मित्रांनी, दोघेही आडते, दिवाळी पाडव्याच्या वहीपूजनासमवेत संकल्प केला: वर्षभर दरमहा एक अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. पहाटे औंढा नागनाथच्या रस्त्याने निघावे, अर्ध्या अंतरावरून परतावे.

एकाचा नवकारसीचा नियम होता. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांपर्यंत पाणीही वर्ज्य. दुसऱ्यास तो नियम नव्हता, तरी तोही तोवर बाटली उघडत नसे. थंडीत हे निभावले. चैत्रात मात्र चौदाव्या किलोमीटरला नियम पाळणाऱ्यास भोवळ आली. सूर्य नुकताच उगवला होता. मित्राने पाणी पिण्याचा आग्रह धरला नाही. बाटली उघडून पंचा भिजविला, त्याच्या डोक्यावर ठेवला आणि मिळेल त्या वाहनाने त्याला घरी आणले.

वैशाख-ज्येष्ठात दोघे धावले नाहीत. आषाढापासून नवकारसी पारून, पाणी पिऊनच निघू लागले. त्या दिवशी दुकाने उशिरा उघडत. तो तोटा दोघांनीही सोसला.

आश्विनअखेर हिशेब झाला: संकल्प बारांचा, धावा नऊ. उरलेली तीनची बाकी मित्राने नव्या वहीत पुढे ओढली नाही.