नांव लागत नाहीं

फोन बिघडला म्हणजे तो मुका होतो, एवढेंच पूर्वीं आम्हांस ठाऊक होतें. रिसीव्हर कानाला लावावा, आंत गुणगुण ऐकूं आली नाहीं तर दोनदां खटका दाबावा, आणि मग शेजाऱ्याच्या घरून एक्स्चेंजला वर्दी द्यावी. सामान्य गृहस्थाचें दूरध्वनिशास्त्र येथेंच संपत असे. परंतु फोनच्या अंगांत वीज खेळत आहे, पडद्यावर अक्षरें स्वच्छ उमटत आहेत, आणि तरीहि तोच मोठ्या विनयानें सांगत आहे कीं, 'माझी नोंदणी झालेली नाहीं', हा प्रकार आम्हीं प्रथम पाहिला तो राजूरला.

जालना जिल्ह्यांतील भोकरदन तालुक्याचें हें राजूर बहुतेक वाचकांस गणपतीमुळें ठाऊक असेल. राजुरेश्वराची गणना गणपतीच्या साडेतीन पीठांत करितात, आणि अंगारकी आली कीं जालन्याच्या रस्त्यानें पायीं येणारांची रीघ लागते. अशाच एका अंगारकीच्या आदल्या दिवशीं आम्ही आमच्या एका आप्तांच्या प्रसूतिगृहांत उतरलों होतों. विजेच्या झटक्यानें तेथील राऊटर जळाला म्हणून दोन दिवसांपूर्वीं नवा बसविला होता, आणि तेव्हांपासून दवाखान्यांतले चारहि आय. पी. फोन नोंदणीवांचून पडले होते. गरोदर बायांच्या कार्डांवर नंबर छापलेला होता तो नेमका याच फोनांचा. "बाई अडली तं घरच्यानं फोन कुठं करावा?" असें तेथल्या मावशींनीं डॉक्टरांना सकाळपासून तीन वेळां विचारलें होतें, आणि डॉक्टरांपाशीं त्याचें उत्तर नव्हतें.

दोष कोणाचा याविषयीं मात्र उत्तरें भरपूर होतीं. डॉक्टर फोनला नांवें ठेवीत होते, औषधांच्या दुकानांतला मुलगा इंटरनेटला. आणि एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं तर, विघ्नहर्ता हाकेच्या अंतरावर असतां जालन्याहून माणूस कशाला बोलावितां, असेंहि विचारून घेतलें.

जुन्या फोनची ओळख त्याच्या तारेंत असे. १८८२ सालीं मुंबईंत पहिलें एक्स्चेंज उघडलें तेव्हांपासून तांब्याची जी जोडी ज्याच्या घरीं गेली ती त्याची, असा सरळ हिशेब होता. यंत्र बदला, रंग बदला, नंबर तारेला चिकटलेला! आय. पी. फोनला असें वतन नाहीं. तो जागा झाला कीं प्रथम राऊटरकडून घरांतला एक पत्ता मागून घेतो. मग दूरच्या सर्व्हरकडे 'अमुक नंबरचा मी, सध्यां येथें राहतों' अशी अर्जी धाडतो. सर्व्हर लगेच विश्वास ठेवीत नाहीं. तो एक कोडें परत पाठवितो. पासवर्ड ठाऊक असणाऱ्यालाच त्याचें उत्तर काढतां येतें, आणि गंमत अशी कीं पासवर्ड स्वतः तारेवरून जातच नाहीं. उत्तर जुळलें कीं नांव लागतें, तेंहि मुदतीचें. पुष्कळ ठिकाणीं ही मुदत तासाभराची. ती सरण्यापूर्वीं फोननें पुन्हां जाऊन हजेरी द्यावयाची. ही सारी रीत 'सिप' नांवाच्या नियमांत सांगितली असून, त्यांचा हल्लींचा मुख्य मसुदा २००२ सालच्या जून महिन्यांतला आहे. सात-बाऱ्यावर नांव लागण्यासाठीं ज्यांनीं तलाठ्याच्या कचेरीचे उंबरे झिजविले त्यांना यांतलें मर्म निराळें समजावून सांगावें लागणार नाहीं. जमीन कसतां म्हणून ती तुमची होत नाहीं, आणि टेबलावर बसला म्हणून फोन फोन होत नाहीं.

जालन्याचा तरुण दुपारीं मोटारसायकलवर गर्दी चुकवीत आला. त्यानें कोणालाहि दोष दिला नाहीं. फोनला पत्ता मिळाला आहे ना, सर्व्हरचें नांव बरोबर आहे ना, हें त्यानें पाहिलें. मग एक फोन उचलून लॅपटॉपमार्गें आपल्या मोबाइलच्या इंटरनेटला जोडला. अर्ध्या मिनिटांत त्याचें नांव लागलें! फोन निर्दोष, पासवर्ड निर्दोष, सर्व्हरहि निर्दोष. उरला तो नवा राऊटर. इतका स्वच्छ न्याय आम्हीं कोर्टांतहि क्वचितच पाहिला आहे.

राऊटरचा गुन्हा मोठा मासलेवाईक होता. अंगारकीच्या गर्दींत चुकलेल्या पोराला नांव विचारा, तें सांगतें. घर विचारा, तर 'पिंपळापाशीं' म्हणतें. पिंपळ कोणत्या गांवीं नाहीं? घरांतल्या फोनचा १९२.१६८ नें सुरू होणारा पत्ता असाच पिंपळापाशींचा. १९९६ सालच्या एका नियमानुसार असे पत्ते कोणींहि आपल्या घरापुरते वापरावे, म्हणून ते लक्षावधि घरांत तेच ते असतात. यासाठीं बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर राऊटर आपला जगजाहीर पत्ता घालतो. आंतल्या पत्रांत जुनाच पत्ता राहतो खरा. पण हल्लींचे बहुतेक सर्व्हर शहाणे असतात, ते पत्रावर न विसंबतां पाकिटावरचा शिक्का पाहून उत्तर धाडतात. या राऊटरांत मात्र 'सिप ए. एल. जी.' नांवाचा एक चोंबडा कारकून बसविलेला होता. तो फोनच्या मदतीसाठीं म्हणून पाकीट फोडी, आंतला मजकूरहि आपल्या मतीप्रमाणें दुरुस्त करी, आणि बंद करून पुढें लोटी. असल्या दुरुस्तींत कधीं सर्व्हरला अर्जीच उमगत नाहीं, कधीं तिचें उत्तर भलत्याच दाराशीं जातें. हेतु चांगला, पण न सांगतां केलेल्या मदतीचा माग काढणें फार कठीण. तक्रार सांगत होता फोन, म्हणून दोन दिवस सर्वांनीं फोनलाच बदडलें.

तरुणानें त्या कारकुनाला रजा दिली, म्हणजे एक खूण काढून टाकली. राऊटर बंद करून पुन्हां चालू केला, आणि फोन एकामागून एक उठविले. तिसरा थोडा रेंगाळला. चौथा, प्रसूतीच्या खोलीबाहेरचा, लागला तेव्हां सांज झाली होती आणि रस्त्यावर टाळ वाजूं लागले होते. जातांना त्यानें राऊटर इन्व्हर्टरवर घ्यावयास सांगितलें. तें योग्यच होतें. जुन्या फोनला एक्स्चेंजच्या बॅटरींतून तारेवाटेच वीज मिळे, म्हणून गांव अंधारांत असलें तरी तो बोले. या नव्याला घरची वीज गेली कीं वाचा नाहीं.

मावशींनीं चारहि फोन स्वतः लावून पाहिले. मग त्या पुन्हां बाकावर बसल्या आणि दुपारपासून चाललेलें आपलें काम त्यांनीं पुढें चालू केलें: उद्यां येणाऱ्या बायांच्या कार्डांवर, छापील नंबराखालीं, निळ्या पेनानें स्वतःच्या मोबाइलचा नंबर लिहिण्याचें. आतां त्याची गरज नाहीं, असें डॉक्टर म्हणाले.

"असूं द्या," मावशी म्हणाल्या, आणि पुढचें कार्ड घेतलें.