मामांची काडेपेटी

माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात सतरा नावं आहेत. टायपिंग करून देणाऱ्याचंही आहे. मामांचं नाही.

मामा आमच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र प्रयोगशाळेत परिचर होते. स्लाइडा धुवायचे, स्पिरिटच्या बाटल्या भरायचे. एफवायला असताना, ऐन श्रावणात, मागच्या पडवीजवळ कुजत पडलेल्या आंब्याच्या ओंडक्यावर मला पांढरट पंख्यांची रांग दिसली. नखाएवढे, बिनदेठाचे. ‘धिंगरी, लहान’ अशी मी वहीत नोंदही करून टाकली आणि भाजी होईल का, म्हणून विचारलं.

मामा म्हणाले, “आधी उलटी कर पोरी. अळंबीचं तोंड खाली असतं.”

वर राखाडी लव होती, ती मी पाहिलीच नव्हती. खाली एका टोकातून पसरलेले पडदे, आणि भिंग धरलं तर प्रत्येक पडद्याची कड मधोमध उभी चिरलेली. धिंगरीचा पडदा असा दुभंगत नाही. शायझोफायलम कम्यून. फ्रीसनं १८१५ साली दिलेल्या या नावातल्या पहिल्या शब्दाचा अर्थच चिरलेलं पान. मामांच्या लेखी ती ‘फाटकी झालर’. (मला अजूनही हेच नाव जास्त पटतं.) एक पंखा त्यांनी काळ्या कागदावर, पडदे खाली करून, वाटीखाली झाकला. सकाळी बीजाणूंचा फिकट ठसा उमटला होता. उरलेले काडेपेटीत गेले.

मे महिन्यात त्यांनी ती पेटी माझ्यासमोर उघडली. पंखे आक्रसून टणक झालेले; चिरलेल्या कडा वळून बीजाणूंची बाजू झाकून बसलेल्या. मी टाकायला निघाले.

“पाणी दाखव.”

बशीत ठेवले. प्रॅक्टिकल संपेतो पडदे सरळ झाले होते.

नमुना उलटा करून पाहिल्याशिवाय मी आजही नाव लिहीत नाही. विद्यार्थ्यांना वाटतं, ही माझी शिस्त.

पुढे एकदा इंफाळच्या इमा कैथलमध्ये, जिथे सगळ्या विक्रेत्या बायकाच, हीच झालर ढिगानं विकायला दिसली. तिथे तिला कांगलायेन म्हणतात, आवडीनं खातात. मी तिथूनच मामांना फोन लावला. एव्हाना ते निवृत्त होऊन गावी राहायला गेले होते.

“म्हणजे भाजी होते म्हणायची,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “चिवट असेल पण. दात आहेत ना शाबूत?”