दोन पाइपांची सोयरीक

लग्न, नोकरी आणि चष्म्याची फ्रेम सोडली, तर मध्यमवर्गीय माणसावर निवड करण्याची पाळी फारशी येत नाही. अमेरिकेत तसं नाही. तिथं साधी कॉफी मागितली तरी समोरून चार उलट प्रश्न येतात. पण जुन्या पिकअप ट्रकचे एक्झॉस्टचे दोन पाइप एकमेकांना कसे जोडावेत, या प्रश्नावर एक शहाणासुरता गृहस्थ तीन आठवडे झुरू शकतो, हे मला ओहायोत मुलाकडे राहायला गेल्यावरच कळलं.

हे गृहस्थ मुलाचे शेजारी. आपल्याकडे जन्मले असते तर गावचे पाटीलच झाले असते, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना पाटील म्हणत असे. त्यांच्याकडे १९७२ सालची शेव्हरोले सी-१० होती. तिची पेट्रोलची टाकी केबिनमध्येच, सीटच्या मागं! आपण देवाला पाठीशी ठेवून प्रवासाला निघतो, पाटील पेट्रोलला.

"मफलर सडलेत," पाटील म्हणाले. माझा हात आधी गळ्याकडे गेला. पुण्यात मफलर माणसाला असतो, तिथं तो गाडीला असतो. आपण त्याला सायलेन्सर म्हणतो. नावावर जाऊ नये, हे दोन्हीकडे खरं.

मग पाटलांनी माझी शिकवणीच घेतली. इंजिन ३५० घन इंचांचं, म्हणजे ५.७ लिटरचं. सिलिंडर आठ, चार डावीकडे, चार उजवीकडे. प्रत्येक बाजूला आपापला पाइप. मला वाटलं, सिलिंडर शाळेतल्या कवायतीसारखे डावा-उजवा, डावा-उजवा असे पेटत असतील. छे! क्रम १-८-४-३-६-५-७-२. विषम आकडे डावीकडचे, सम उजवीकडचे. म्हणजे ८ आणि ४ उजवीकडचे लागोपाठ, ५ आणि ७ डावीकडचे लागोपाठ. पंगतीत वाढप्यानं मध्येच एका रांगेला दोनदा जिलबी वाढावी, आणि समोरच्या रांगेनं नुसतं बघत राहावं, तसला प्रकार. त्या पंक्तिप्रपंचातूनच व्ही-८चा तो गडगडाट निघतो. दोन पाइप मध्ये कुठंतरी जोडले, की धक्के दोघांत वाटले जातात आणि आवाजातला कर्कशपणा उतरतो.

जोडायचे प्रकार दोन. एक इंग्रजी 'एच'सारखा: दोन पाइप समांतर, मध्ये एक आडवा तुकडा. चाळीतल्या दोन बिऱ्हाडांच्या मध्ये खिडकी असावी आणि तीतून वाटीभर साखर इकडून तिकडे जावी, तसा. दुसरा 'एक्स'सारखा: दोन्ही पाइप एकत्र कुटुंबात येतात आणि लगेच वेगळे निघतात. एचचा आवाज खर्जातला, डग्ग्याचा. एक्सचा गुळगुळीत आणि वरच्या पट्टीतला. गॅरेजमधला तरुण मेकॅनिक एक्सच्या बाजूचा. त्यानं म्हणे ताकद थोडी जास्त मिळते.

"कधी मिळते?" मी विचारलं.

"इंजिन खूप वर नेलं की."

"आणि तुम्ही ट्रक घेऊन कुठं जाता?"

"हार्डवेअरच्या दुकानात."

जोड नेमका कुठं द्यावा, यावर जुन्या मेस्त्रींचा तोडगा आहे. पाइपवर रंगाचा लांब पट्टा ओढायचा, इंजिन पळवायचं, आणि रंग जिथवर जळेल तिथं जोड द्यायचा. पण नेमक्या त्या जागी गिअरबॉक्स आडवा येण्याची शक्यता दांडगी. छत्तीस गुण जुळावेत आणि मुलगी आपल्याच गोत्रातली निघावी! शिवाय पुढंमागं गिअरबॉक्स उतरवावा लागला, तर जोड बोल्ट काढून सुटा करता आला पाहिजे. सोयरीक जमवतानाच घटस्फोटाची सोय!

निकाल दिला पाटलीणबाईंनी. "काय वाट्टेल ते बसवा," त्या म्हणाल्या. "पण चाळीस वर्षं मी कोपऱ्यावर हा ट्रक ऐकते आणि कॉफी ठेवते. नवा आवाज मला ओळखू आला नाही, तर गार कॉफी प्यावी लागेल."

जुना जोड एचचा होता. पाटील गप्प झाले.

मला ते लगेच पटलं. आमच्या गल्लीत वडिलांची स्कूटर वळली, की आवाजावरून आई चहाचं आधण ठेवायची आणि आमचा कॅरम कॉटखाली जाऊन इतिहासाची पुस्तकं उघडायची. त्याच गल्लीत तशा सहा स्कूटर होत्या, पण आमचा हात चुकून कधी कॅरमवरून उठला नाही. घरचा माणूस येतोय एवढा निरोप बाहेर जाऊ देऊन बाकीचं गिळायचं, हे सायलेन्सरचं खरं काम. अश्वशक्ती काय, हार्डवेअरच्या दुकानापर्यंत लागेल तेवढी असतेच.

पुढच्या शनिवारी एच बसला. संध्याकाळी कोपऱ्यावर डग्गा घुमला. माझ्या मुलानं कपाळाला आठ्या घालून खिडकी लावून घेतली. पलीकडच्या स्वयंपाकघरात मात्र दिवा लागला.