कापूस म्हणजे काय?

‘विसरणे’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. छत्री गाडीत राहिली, तरी विसरलो. शाळेतली कविता आठवेना, तरी विसरलो. आणि म्हातारपणी माणूस घरच्यांना ओळखेनासा झाला, तरी तोही ‘विसरला’च! जणू डोक्यात एकच पेटारा असतो आणि त्याला भोक पडले की सारे सारखेच गळते. ही समजूत किती अपुरी आहे, ते माझ्या मामांच्या दुखण्यात मला दिसले.

मामा रोहण्याचे. वर्धा जिल्ह्यात, पुलगावहून आर्वीकडे जाताना हे गाव लागते. सारा मुलूख काळ्या मातीचा आणि कपाशीचा. मामांचा जन्म पऱ्हाटीतच गेला. साठी ओलांडली आणि त्यांचे शब्द हरवू लागले. तिफण, वखर, डवरा, सारे ‘ते वावरातलं’ झाले. शेळी, वासरू, कुत्रे, सारी नुसती ‘जनावरं’. आणि ऐन वेचणीच्या दिवसांत, घरात कापसाचा ढीग पडलेला असताना, त्यांनी मला शांतपणे विचारले, “बापू, कापूस म्हंजे काय असते गा?”

गावात कुजबुज सुरू झाली. म्हातारा सोंग करतो, असे काहीजण म्हणू लागले. कारण काल कोण आले, कोणाकडून किती येणे आहे, हे मामा बिनचूक सांगत. तोंडी हिशेबात ते कोणाला हार जात नसत. वर्तमानपत्रही घडाघडा वाचत. आपल्या देवनागरीत अक्षर ओळखले की उच्चार हाती येतो, अर्थावाचून अडत नाही. वाचून झाले की मात्र विचारीत, “दुष्काळ म्हंजे काय?” मामींना दुखण्यापेक्षा ‘सोंग’ हा शब्द जड जाई.

नागपूरच्या एका डॉक्टरांनी मेंदूचे चित्र पाहून उलगडा केला. कानशिलाच्या आतला मेंदूचा पुढचा भाग, विशेषतः डावीकडचा, आक्रसत चालला होता. वस्तूंचे आणि शब्दांचे अर्थ सांभाळण्यात त्या भागाचा मोठा वाटा असतो.

एन्डेल टल्विंग या शास्त्रज्ञाने १९७२ साली स्मृतीचे दोन प्रकार वेगळे केले: घडलेल्या प्रसंगांची आणि अर्थांची. दिल्ली ही राजधानी, हे आपण कोणत्या दिवशी शिकलो ते आठवत नाही. पण ठाऊक असते. ही दुसरी स्मृती. लंडनच्या एलिझाबेथ वॉरिंग्टन यांनी १९७५ साली तीन रुग्णांचे वर्णन केले. त्यांची नेमकी हीच स्मृती ओसरत होती. याच्या अगदी उलट तऱ्हा अमेरिकेतल्या हेन्री मोलेसनची. १९५३ साली फेफऱ्यावर उपाय म्हणून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा काही भाग काढला. नुकताच भेटलेला माणूसही त्याला पुढे आठवेना. पण पूर्वी शिकलेल्या शब्दांचे अर्थ शाबूत होते. त्याचे जे गेले, ते मामांपाशी होते. मामांचे जे गेले, ते त्याच्यापाशी.

या दुखण्यावर औषध नव्हते, आजही नाही. पण मामींनी एक गोष्ट हेरली. शेजारच्या घरचा तांब्या हाती दिला की मामा तो उलटसुलट करून पाहत. स्वतःचा मात्र अचूक उचलून पाणी पीत. रोजच्या वापरातल्या वस्तूंशी असलेली ओळख या व्याधीत पुष्कळदा उशिरापर्यंत टिकते. तेव्हापासून मामींनी घरातली एकही वस्तू हलू दिली नाही. ‘हे काय, ते काय’ अशी त्यांची परीक्षा घेणेही सर्वांना बंद केले. सोंगाचा विषय कोणी काढलाच, तर ठणकावून सांगत, “त्यायच्या शब्दातला मतलब गेला. माणूस घरातच हाये!”

पुढे बरेच काही गेले. शेवटी मामींचे नावही गेले. तरी त्यांनी पाणी आणून दिले की मामा सरकून बाजूला जागा करून देत.

आपल्या घरातले कोणी विसरू लागले, तर काय गेले याची मोजदाद आपण लगेच करतो. काय उरले, याचीही करावी. मामींनी ती केली, म्हणून मामांचे अखेरचे दिवस अब्रूने गेले.