कडी

आमची इमारत पुनर्विकासाला गेली म्हणून माळा रिकामा करावा लागला. बाबा खाली खुर्चीवर बसून काय ठेवायचं, काय टाकायचं ते सांगत होते. खरं तर टाकायचं असं काही निघतच नव्हतं. फुटक्या तोंडाचा पाना, तीन पायांचा पाट, बंद पडलेल्या पंख्याची मोटर, सगळं 'लागेल कधीतरी' म्हणून एका बाजूला जमत होतं. मग जुन्या बनियनमध्ये गुंडाळून सुतळीनं बांधलेलं एक गाठोडं हाताला लागलं. मी न सोडताच ते ओळखलं. बाबांनीही ओळखलं असावं, कारण ते लगेच म्हणाले, "ते भंगारात दे."

ज्या माणसानं फुटका पाना ठेवून घेतला, तो मासे गरवायचं रीळ टाकायला सांगत होता. मी ते माझ्या पिशवीत टाकलं.

बाबांचं गाव रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. तिथं लहानपणी बोटाला तंगूस गुंडाळूनच गरवायचं, काठी-रीळ वगैरे कोणाकडे नव्हतं. मुंबईत ते लालबागला राहिले आणि गिरणीत साचाखात्यात लागले. साचे चालवता चालवता दुरुस्तही करू लागले. रीळ त्यांनी चोरबाजारातून आणलं. परदेशी बनावटीचं, तेव्हाच जुनं झालेलं, बाजूच्या पत्र्यावरचं नाव घासून गेलेलं. ते हातात घेतल्या घेतल्या आपण काय म्हणालो, हे बाबा आम्हाला नेहमी सांगायचे: "अरे, हा तर धोटा!"

ही नुसती गंमत नव्हती. जुन्या प्रकारच्या रिळात दोरी सोडताना अख्खी फिरकीच फिरते. गळ लांब फेकला की फिरकी दोरीपेक्षा जोरात धावते आणि सगळा गुंता होतो. या रिळात फिरकी जागची हलत नाही. दोरी तिच्या टोकावरून वेटोळ्या-वेटोळ्यांनी सुटत जाते. धोट्यातल्या कांडीवरून बाण्याचं सूत सुटतं, अगदी तसं. पुढे वाचताना मला कळलं की १९०५ साली अशा रिळाचं पेटंट घेणारा आल्फ्रेड इलिंगवर्थ हा इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा, लोकरीच्या गिरण्यांच्या धंद्यातला माणूस होता. गिरणीतलं सूत बघूनच त्याला ही कल्पना सुचली असं सांगतात. बाबांना इलिंगवर्थ माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांना कांडी माहीत होती.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा बाबा चौतिशीत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले ते एक. गिरणी पुन्हा धडपणे उघडली नाही. लालबागची खोली विकून आम्ही भाईंदरला आलो, आमच्यासारखी अनेक घरं तेव्हा मीरा रोड, भाईंदर, विरारकडे सरकत होती. इथं पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने होते, त्यातल्या एकात बाबा लागले. तिथं साचे नव्हते, सूत नव्हतं. पण कुठलंही यंत्र अडलं की "त्यांना बोलवा" म्हणायचे, ते बाबांनाच. रविवारी सकाळी ते मला घेऊन पश्चिमेच्या धक्क्यावर जायचे. रेतीच्या होड्या लागलेल्या असायच्या, एका बाजूला रेल्वेचा पूल, त्याच्याखाली पाणजू बेटाकडे जाणारं पाणी. भरती चढू लागली की शिंगाळा लागायचा. क्वचित जिताडा. तो लागला की आठवडाभर त्याच्याच गोष्टी.

आता कडीबद्दल सांगायला हवं. फिरकीसमोर तारेचा एक अर्धगोल असतो. बादलीच्या कडीसारखा दिसतो, म्हणून आम्ही त्याला कडीच म्हणायचो. गळ फेकण्याआधी ती उलटी पाडायची, म्हणजे दोरी मोकळी होते. फेकून झाल्यावर मूठ फिरवली की आतली एक खीळ कडीला ढकलते, कडी खटकन मिटते आणि दोरीला पकडून फिरकीवर गुंडाळायला लागते. हे सगळं काम एका छोट्या स्प्रिंगचं. विजेच्या बटणासारखं समजा. अर्ध्याच्या पलीकडे गेलं की तिकडेच राहतं, अलीकडे आलं की इकडे. कडी पूर्ण उघडली की 'टक्' आवाज येतो. बाबांचा नियम एकच होता. आधी मागं बघायचं, मग कडी उघडायची, टक् आवाज आल्याशिवाय फेकायचं नाही.

१९९१ च्या मे महिन्यात, मी तेरा वर्षांचा असताना, मी मागं बघितलं, कडी उघडली आणि फेकलं. काठी पुढे आली आणि मध्येच कडी मिटली. तंगूस चाबकासारखा ताणला आणि तुटला. बोराएवढं शिसं समोर जायचं ते डावीकडे गेलं. तिथं बांधलेल्या होडीच्या कडेला एक माणूस विडी ओढत बसला होता. त्याच्या भुवईवर ते बसलं. त्यानं हात लावला आणि बोटांच्या फटींतून रक्त आलं. सहा टाके पडले. डॉक्टर म्हणाले, बोटभर खाली असतं तर डोळा गेला असता.

धक्क्यावर गर्दी जमली होती. बाबा हात जोडून सगळ्यांना सांगत होते, "पोरानं कडी पूर्ण उघडली नाही." दवाखान्यात तेच, घरी आईलाही तेच. टाक्यांचे पैसे त्यांनी दिले, त्या माणसाची चार दिवसांची मजुरी दिली. मला मारलं नाही, रागावलेही नाहीत. फक्त म्हणाले, "किती वेळा सांगितलं होतं तुला."

मला टक् ऐकू आलं होतं. म्हणजे त्या संध्याकाळपर्यंत तरी मला तशी खात्री होती. पण इतके लोक, इतकं रक्त, आणि बाबा म्हणतायत. महिन्याभरानं ती खात्री राहिली नाही. पुढे मला आठवेनासंच झालं. त्यानंतर मी गळाला हात लावला नाही, बाबाही धक्क्यावर गेले नाहीत. मी कुलूप लावून तीनदा ओढून बघतो, गॅसचं बटण बघायला जिन्यातून परत येतो. बायको चिडते. माझा स्वभावच तसा, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

भाड्याच्या घरात सामान लागल्यावर एका रात्री मी ते गाठोडं सोडलं. रीळ काळपट झालं होतं, ग्रीस मेणासारखं घट्ट. रॉकेलमध्ये भिजवून, दातांच्या ब्रशनं घासून मूठ फिरायला लागली. कडी मात्र लुळी होती, धरू तिकडे पडायची. तिच्या कानाशी असलेला एक स्क्रू काढून झाकण उचललं, तर आत स्प्रिंगचे दोन तुकडे. तुटलेली टोकं गंजून लाल झाली होती, म्हणजे तुटणं कालपरवाचं नव्हतं.

तशी स्प्रिंग बाजारात मिळणार नव्हती. भाईंदर पूर्वेच्या एका औद्योगिक वसाहतीत एक म्हातारे गृहस्थ छोट्या गाळ्यात स्प्रिंगा वळतात, त्यांच्याकडे तुकडे घेऊन गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावून बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "कंपनीचा माल नाही हा. हाथ का काम है." भिंग मला दिलं. जिथं तार वळून भोकात शिरते, तिथं काटकोनात करकचून वाकवलेली होती आणि वळणाच्या आतल्या बाजूला पकडीच्या दातांच्या दोन बारीक खुणा होत्या. बरोबर त्या खुणेवर तुकडा पडला होता. त्यांनी समजावलं की स्प्रिंगची तार कडक असते, तिला ओरखडा सोसत नाही. वळण गोल हवं, म्हणजे ताण एका जागी साठत नाही. इथं दरवेळी कडी उघडली की ताण त्या दाताच्या खुणेवर यायचा. शंभर वेळा चालेल, हजार वेळा चालेल, मग एकदा जाईल.

मी विचारलं, "कडी पूर्ण उघडलेली असताना जाऊ शकते?"

"तेव्हाच जाणार. फेकताना झटका बसतो ना."

ते मापं घेत होते आणि मी गाळ्याच्या दारात उभा होतो. समोरून स्टीलच्या ताटांची चळत घेऊन हातगाडी गेली.

घरी येऊन ते दोन तुकडे मी बाबांच्या तळहातावर ठेवले. "ही तुम्ही केलेली?"

त्यांनी तुकडे जुळवून बघितले. "मूळची घेतली तेव्हाच तुटकी होती. साच्याची तार होती माझ्याकडे, गिरणी सुटली तेव्हा डब्यात आलेली." थोड्या वेळानं म्हणाले, "त्या दिवशी रात्री उघडून बघितलं होतं मी."

पुढे ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर आवाज चढला असता. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस समोर बसला होता आणि मला चौतीस वर्षांचा राग एका दुपारी आला होता.

तो राग पुढचे काही दिवस होता. मग हळूहळू मी १९९१ मधल्या बाबांचा विचार करू लागलो. तेव्हा ते माझ्या आजच्या वयाहून तीन-चार वर्षांनी लहान होते. गिरणी गेली, लालबाग गेलं. हात तेवढे राहिले होते, बिघडलेलं काहीही दुरुस्त करणारे. त्याच हातांनी वळलेली तार तुटून एका माणसाचा डोळा जाता जाता राहिला, हे त्या गर्दीत त्यांना सांगता आलं नसेल. निदान मला तरी सांगायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं. पोराचं वय लहान, विसरून जाईल, असं त्यांनी धरलं असावं. त्यांचा हिशेब तिथं चुकला.

आठवड्यानं स्प्रिंग तयार झाली. स्टेनलेसची तार, वळणं गोल, गुंडाळीची दिशा अशी की दाब आला की गुंडाळी आवळावी, उलगडू नये. जास्तीच्या दोन करून दिल्या होत्या. बसवायला मला दोन रात्री लागल्या. एकदा ती उडून कपाटाखाली गेली, एकदा उलटी बसली. शेवटी बाबा चष्मा पुसत आले, कडी अर्ध्यावर धरून म्हणाले, "आता लाव." त्यांची बोटं थरथरत होती, पण कडी हलली नाही. स्प्रिंगचं टोक भोकात बसलं.

रविवारी आम्ही धक्क्यावर गेलो. गरी लावली नव्हती, नुसतं शिसं. भरती चढत होती. बाबा माझ्या उजवीकडे, दोन पावलं मागे उभे राहिले.

"मागं बघ."

मी मागं बघितलं. डावीकडेही बघितलं, तिथं कोणी नव्हतं. कडी उघडली.

"आवाज आला," बाबा म्हणाले. "मला ऐकू आला. फेक."