निद्रिताची जबानी

अमुक प्रोसेसर बावीस सेकंद अडकून पडला, असे सांगणारी सॉफ्ट लॉकअपची ती ओळ व्हर्च्युअल मशीनच्या लॉगमध्ये दिसली की माझे मन आजही प्रथम साशंक होते. कारण प्रत्यक्ष यंत्रावर ती बहुधा एखाद्या बिघडलेल्या ड्रायव्हरची कैफियत असते, पण गेस्टच्या तोंडून आली की ती निद्रिताची जबानी असण्याचा संभव फार. होस्टने व्हीसीपीयू बाजूला काढून ठेवला, तेवढ्यात वॉचडॉगची वीस सेकंदांची मुदत उलटली, आणि जाग येताच जे फंक्शन समोर दिसले त्याच्याच नावाने फिर्याद दाखल झाली! काम नसल्याने हॉल्टवर स्वस्थ बसलेल्या प्रोसेसरवर अडकल्याचा आरोप ज्याने ट्रेसमध्ये एकदा वाचला आहे, त्याला याहून अधिक सांगावयास नको.

खरी गोम आहे ती स्पिनलॉकची. आठांपैकी सात व्हीसीपीयू एकाच लॉकपाशी फिरत उभे आहेत, प्रत्येकाच्या आरडीआय रजिस्टरात तोच पत्ता आहे. मग आठवा काय करीत होता? हल्लीचा क्यू-स्पिनलॉक आपण कोणाच्या ताब्यात आहो याची नोंद ठेवीत नाही, त्यामुळे व्हीएमकोर उघडून एकेका प्रोसेसरचा स्टॅक उलगडीत, लॉक घेऊन आत गेलेला आणि अद्याप बाहेर न पडलेला इसम हाताने हुडकावा लागतो. आणि सापडतो तेव्हा तो मेमरीतील एखादा शब्द वाचण्याच्या अगदी साध्या सूचनेवर निमूट थबकलेला असतो. त्याने स्वतः लॉक सोडावयाचे टाळले, की लॉक हाती असतानाच होस्टने त्याला झोपवले? ट्रेस दोन्ही प्रसंगी सारखाच दिसतो. माझ्या उमेदीची वर्षे या एका प्रश्नाभोवती फिरण्यात गेली, आणि तो मला अजूनही रात्री जागवतो.

या वर्षी माझ्या हाताखाली एक तरुण मुलगी काम शिकावयास आली. असाच एक लॉकअप तिच्याकडे सोपविला असता तिने नेटका तपास केला आणि सांगितले, "सर, स्टील टाइम शून्य आहे, होस्टचा यात दोष नाही." तिचे अनुमान बहुसंख्य जाणत्यांचेच होते, आणि तेथेच मला थांबून तिला समजवावे लागले, की केव्हीएममध्ये स्टीलचा आकडा येतो तो व्हीसीपीयूचा थ्रेड होस्टच्या रांगेत किती काळ ताटकळला यावरून, जो थ्रेड रांगेतच नाही, जो स्वॅपमध्ये गेलेले पान डिस्कवरून परत येण्याची वाट पाहत झोपला आहे, त्याची झोप त्या हिशेबात धरलीच जात नाही. होस्टने गेस्टला हेतुपुरस्सर थांबविले, तर क्यूमू तशी खूण ठेववितो आणि गेस्टचा वॉचडॉग ती पाहून गप्प बसतो. स्वॅपमुळे आलेल्या खोळंब्याची अशी खूण कोणीच ठेवीत नाही. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी 1974 साली आभासी यंत्राच्या अटी मांडल्या, तेव्हा गेस्टमधील प्रोग्रॅम मूळ यंत्रावरच्यासारखाच चालला पाहिजे असे म्हणताना काळाच्या बाबतीत त्यांनी स्पष्ट अपवाद केला होता. आमची सारी विपत्ती त्या अपवादातून आलेली आहे.

दुसऱ्या दिवशी ती मला न विचारता होस्टवर गेली, क्यूमूच्या प्रोसेसची स्थिती काढली, आणि व्हीएमस्वॅपच्या ओळीवर बोट ठेवले. गेस्ट आतल्या आत रीबूट झाला होता, पण बाहेरची प्रोसेस तीच होती, म्हणून पुरावा शाबूत राहिला. मला आनंद झाला असे लिहिणे शिष्टाचाराला धरून होईल. प्रत्यक्षात मला प्रथम हेवा वाटला. ट्रेसवर नजर टाकून डम्प उघडण्यापूर्वी कारण सांगावे, भोवतालच्यांनी श्वास रोखून ऐकावे, ही माझी जुनी हौस आहे, आणि ते आसन एवढ्या लवकर दुसऱ्या कोणाच्या वाट्याला जावे हे मला रुचले नाही.

या धंद्यात दोन पंथ माजले आहेत, आणि मला दोन्ही अमान्य आहेत. एक वॉचडॉगची मुदत वाढवून फिर्यादच बंद करतो. दुसरा प्रत्येक लॉकअपचे खापर होस्टवर फोडून मोकळा होतो आणि गेस्टमधला खरा दोष पुढच्या खेपेसाठी जिवंत ठेवतो. पण या दोहोंपेक्षा मला अधिक खुपते ती आजारी मशीन तत्क्षणी बरखास्त करून तिच्या जागी नवी उभी करण्याची चाल, जिला आता कार्यक्षमतेचे प्रशस्तिपत्र मिळते. सेवा खंडित होऊ नये हे मला मान्य आहे. नवी मशीन खुशाल उभी करावी. परंतु जुनीच्या क्यूमूबरोबर होस्टवरील आकडे जातात, मेमरी जाते, आणि तोच अपघात पुन्हा घडतो तेव्हा तपासाला आरंभापासून आरंभ करावा लागतो.

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना विनंती आहे, की मशीन नष्ट करण्याचा हुकूम देण्यापूर्वी होस्टवरून व्हर्श डम्पने तिची मेमरी काढून घ्यावी, तिच्या प्रोसेसची स्थिती आणि थ्रेडांची शेडस्टॅट एका फाइलीत उतरवावी, आणि मगच तिला जाऊ द्यावे.